पाठीमागचं बक्कल

चर्चमधला सरदार आलाबास्टरचा आहे.
नाक गेलेलं, हात जोडलेले, पायाशी कुत्रा.
सहाशे वर्षांत त्याने कुणालाही पाठ दाखवलेली नाही.
हीच माझी अडचण.

समोरून मी त्याला पाठ केला आहे:
गुडघ्याची वाटी, तिला बाहेरून फुटलेला पंखा,
मांडीच्या पत्र्याची दुमडलेली कड,
काखेखालचे तीन रिवेट, चौथा झिजलेला
(की मुळात नव्हताच? दोन हिवाळे या प्रश्नात गेले).
पण छातीचं पान मागून कशाने धरलं होतं?
पट्टे खांद्यावरून सरळ, की पाठीवर फुलीसारखे?
तिथे तो दगडाला दगड लावून पडलेला.
पाद्रीण म्हणाली, "गोरॉन्वी, उचलून बघायचं नाही हं."
आठ माणसं लागतील, मी म्हटलं.
म्हणजे हिशेब मी केलेला होता.

मी लोहार नाही. कॉनवीच्या बस डेपोत
एकतीस वर्षं चेपलेले पत्रे सरळ केले.
आता सरळ पत्रे चेपतो.
नेस्ट हे सगळ्यांना सांगते, पाहुण्यांना दोनदा.

गॅरेजमध्ये गाडीला जागा उरलेली नाही.
न्याहारीच्या रिकाम्या खोक्यांतून
आधी पुठ्ठ्याचा सरदार निघतो,
मग दीड मिलिमीटरचा पत्रा, ओंडक्यातला खळगा,
आणि ठोका, ठोका, कडेकडून आत, गोल गोल,
संध्याकाळी सहापर्यंतच.
सहाला प्रोबर्टचं बाळ झोपतं.
पंधराव्या शतकाला हे मान्य करावं लागलं.

फेब्रुवारीत संग्रहालयाच्या तळघरात गेलो.
पत्रव्यवहाराला अकरा महिने, वस्तूला चाळीस मिनिटं.
बेथनने निळे हातमोजे दिले, फोम अंथरला,
आणि छातीचं एक सुटं पान,
कुणाचं ते कुणालाच ठाऊक नसलेलं,
हलकेच पालथं केलं.

बाहेरची बाजू ज्याने पैसे मोजले त्याची.
आतून ते कढईच्या बुडासारखं काळं होतं,
घासायची तसदी कुणी घेतली नव्हती.
हातोड्याचे ठसे जिथल्या तिथे.
डावीकडे एक भोक,
आणि त्याला खेटून दुसरं.
पहिलं चुकलेलं.

मी बोट ठेवलं. हातमोज्यातूनही कड लागली.
त्या क्षणी तो काय पुटपुटला असेल
ते मला नेमकं माहीत आहे, भाषा कुठलीही असो.
एका रिवेटखाली चामड्याची चिंधी अडकून राहिली होती,
मनुक्याएवढी, तिरकी.
तिरकी! म्हणजे फुली.
मी वहीत एवढंच लिहिलं आणि पेन्सिल मोडली.

मे महिन्यात पट्टे शिवून झाले.
अंगावर चढवलं, हात मागे नेला.
बक्कल बोटांना लागलं, टोक काही आत जाईना.
डावीकडून, उजवीकडून,
शेवटी दाराच्या कडीत पट्टा अडकवून गिरकी घेतली
आणि रंगाचे डबे पाडले.

इतकी वर्षं मापं घेतली, हे ध्यानात आलं नव्हतं:
हे एकट्याने घालायचं नाहीच.
त्या प्रत्येकामागे पहाटेच्या काळोखात
कुणीतरी उभं होतं, गारठलेल्या बोटांचं,
जीभ दातांत धरून भोक चाचपणारं.
त्याच्यासाठी आलाबास्टर कोण कापणार?

"नेस्ट!"
ती बागेतून आली, नखांत माती, चष्मा डोक्यावर.
पडलेल्या डब्यांबद्दल काही बोलली नाही.
पट्टा ओढला. श्वास घे, म्हणाली. आता सोड.
"कितव्या भोकात?"
दुसऱ्या.
मागे जरा शांतता.
"दुसरी दोन आहेत, गोरॉन्वी."

मी पत्र्याच्या आत ताठ उभा होतो,
मान वळत नव्हती.
मग जे पुटपुटलो
ते वेल्शमध्ये होतं.